शेवटचे शंभर यार्ड

25 एप्रिल 1915. सकाळचे साडेसहा वाजत आले आहेत. गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाला, सेद्दुलबहिरच्या किल्ल्याखालच्या ‘व्ही बीच’कडे निघालेल्या एका उघड्या लाकडी होडीत तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. अंगावर 200 काडतुसं, पाठीवर तीन दिवसांचा शिधा. शेजारी रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सचे जवान. महायुद्ध पेटलं तेव्हा ही पलटण मद्रासला होती. तिचं मूळच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतलं.

वाफेवरच्या लाँचने ओढत आणलेल्या होड्यांची माळ किनाऱ्याजवळ सुटते. खलाशी वल्ही हाती घेतात. युद्धनौकांच्या तोफा आता गप्प आहेत, किनाऱ्यावर कुणी दिसत नाही. वाळू अगदी जवळ आली असताना वरच्या चरांतून मेजर महमूद साबरी यांच्या तुर्की सैनिकांच्या बंदुका एकदम सुटतात.

होडीला आडोसा म्हणून काही नाहीच. वल्ही मारणारे पडले की होडी आडवी होते आणि सगळीच्या सगळी नेमाखाली येते. बाहेर पडायचं तर कठड्यावरूनच उडी घ्यायची. पाण्याखाली काटेरी तार पसरलेली आहे आणि पाठीवरचं ओझं जखमी माणसाला वर येऊ देत नाही. थोड्या वेळाने विमानातून पाहणी करणारे चार्ल्स सॅम्सन यांना किनाऱ्यालगत सुमारे 50 यार्डांपर्यंत समुद्र लाल झालेला दिसतो.

उजवीकडे ‘रिव्हर क्लाइड’ हे कोळशाचं जहाज मुद्दाम रुतवलेलं आहे. त्याच्या पोटात सुमारे 2,000 सैनिक, आणि बाजूच्या पत्र्यात त्यांच्यासाठी कापलेली दारं. पण जहाज ठरल्यापेक्षा अलीकडेच तळाला लागलं आणि वाळूपर्यंत जोडायचा पडावांचा पूल जागेवर बसेना. कमांडर एडवर्ड अन्विन स्वतः पाण्यात उतरतात; खलाशी विल्यम विल्यम्स यांच्यासह गोळ्यांच्या वर्षावात दोर धरून पडाव जागेवर ठेवतात. दारातून धावत निघालेल्या मन्स्टर फ्युसिलिअर्सच्या रांगा तरीही अरुंद फळ्यांवरच कोसळतात. उरलेल्यांना रात्र पडेपर्यंत पोलादी पोटातच थांबावं लागतं.

आता काळाची एकच खुंटी हलवू. ब्रिटिश नौदलप्रमुख जॅकी फिशर यांनी बाल्टिक समुद्रातल्या मोहिमेसाठी थेट किनाऱ्याला लागणारे 200 मोटर-पडाव फेब्रुवारी 1915 मध्ये बांधायला सांगितले होते. समजा, तो हुकूम ऑगस्ट 1914 मध्येच सुटला.

तीच सकाळ, तोच किनारा. पण आता तुम्ही उघड्या होडीत नव्हे, शंभर फुटांहून लांब, काळ्या रंगाच्या पडावात पोलादाआड उभे आहात. आत सुमारे 500 माणसं मावतात. वल्ह्यांचं काम नाही. तेलावर चालणारं इंजिन ताशी जेमतेम पाच सागरी मैलांनी ढकलत आहे. बंदुकीच्या गोळ्या पत्र्यावर आदळतात, आत येत नाहीत. नाळेकडचा भाग उथळ, त्यामुळे पडाव थेट वाळूपाशी पोचतो. पुढच्या दोन सोटांवर तोललेली फळी खाली येते. फळीच्या तोंडाशी माणसं पडतात, कारण नेम तिथेच धरलेला आहे. पण वाळूच्या कडेला माणसाच्या छातीएवढा नैसर्गिक बांध आहे. खऱ्या सकाळी वाचलेल्यांनी त्याचाच आसरा घेतला. या सकाळी तिथवर पोचणारे कितीतरी अधिक आहेत.

म्हणजे मोहीम जिंकली? त्याचं उत्तर त्याच दिवशी, त्याच किनारपट्टीवर, थोडं वर ‘वाय बीच’ला सापडतं. तिथे सुमारे 2,000 सैनिक साध्या होड्यांतून जवळजवळ विनाविरोध उतरले. पुढे काय करायचं, याचा स्पष्ट हुकूम नव्हता. ते कड्यावर थांबले आणि दुसऱ्या दिवशी माघारी गेले. ऑगस्टमध्ये सुव्हला उपसागरात खरे मोटर-पडाव आले. सैनिक त्यांना ‘बीटल’ म्हणत. काही पडाव वाळूच्या पट्ट्यांत अडकले, तरी उतरताना व्ही बीचसारखा संहार झाला नाही. मात्र जनरल स्टॉपफर्ड यांचं सैन्य टेकड्यांकडे वेळेत सरकलंच नाही आणि दिवस वाया गेले. सेनापतीच्या ढिलाईवर पडाव हा इलाज नव्हे.

म्हणून नकाशा बदलला असता असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या शंभर यार्डांत गेलेली माणसं हा हिशेबाचा वेगळा रकाना आहे आणि पर्यायी इतिहासाने आधी तोच भरला पाहिजे. पोलाद होतं, इंजिन होतं, फळीला कुठलाही नवा शोध लागत नव्हता. कमी पडली ती आधी विचार करण्याची तसदी.

युद्धानंतर हा धडा बाजूला पडला. 1937 मध्ये शांघायजवळ जपानी ‘दायहात्सु’ नौकांची पुढून उघडणारी फळी अमेरिकी अधिकारी व्हिक्टर क्रुलॅक यांनी टिपली. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्स यांनी आपल्या होडीला तशी फळी बसवली आणि 1944 मध्ये नॉर्मंडीला हजारो माणसं तिच्यावरून उतरली. किनाऱ्यावर सैन्य पाठवायचं ठरतं, त्याच दिवशी ते वाळूवर पाय कसा ठेवणार हेही ठरलं पाहिजे. डब्लिन फ्युसिलिअर्सच्या बाबतीत ते ठरलं नव्हतं आणि त्याची किंमत ठरवणाऱ्यांनी नाही, होडीत बसलेल्यांनी मोजली.