पीटीएई-७
(लघु टर्बोजेट इंजिन). ‘लक्ष्य’ या वैमानिकरहित लक्ष्यविमानासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने बंगळूर येथे विकसित केलेले इंजिन. वजन सुमारे 65 किग्रॅ., म्हणजे लातूरच्या मोंढ्यातल्या क्विंटलभर तुरीपेक्षाही कमी. रेटा मात्र सुमारे 380 किग्रॅ. अक्षीय संपीडक हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइन फिरवून वेगाने मागे फेकले जातात. ‘लक्ष्य’ रॉकेटच्या जोरावर झेपावते व मागे लांब तारेवर नेमबाजीचे निशाण ओढत नेते. काम संपले की हवाईछत्रीने उतरते. जमिनीवर टेकताना नाकाचा शंकू चेपून धक्का झेलतो, त्यामुळे विमान पुन्हा उडवता येते. लहान इंजिनाची खरी कसोटी या पुनर्वापरातच आहे. ‘लक्ष्य’ 2000 साली हवाई दलात दाखल झाले.