दप्तर

शाळकरी मुलाच्या पाठीवरचे दप्तर फारसी ‘दफ्तर’वरून आले, आणि त्याचेही मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. दप्तर म्हणजे राज्यकारभाराच्या कागदांचा साठाही; पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले. १८१८ साली राज्य गेले, तेव्हा हे रुमालही इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि कोणाचे इनाम खरे, याचा निवाडा त्याच कागदांवरून परके अंमलदार करू लागले. म्हणूनच २०१८ साली रिझर्व्ह बँकेने देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा काढलेला हुकूम मला रास्त वाटतो. मात्र माहिती देशात ठेवून भागणार नाही; आपल्याच लेखनावर पोसलेली कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या आपल्या अर्जांचा निकाल देऊ लागेल. जुन्या निवाडपत्रावर निदान मोर्तब असे, यंत्राच्या निकालावर ते कोणाचे, हे कायद्याने आताच ठरवून द्यावे.