अर्धवट मोडलेला डाव

जमा-नावेची दुहेरी पद्धत पहिल्यांदा छापून जगापुढे आणली ती लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. संसार न केलेल्या माणसाने संसारी माणसांच्या मानगुटीवर बसवलेलं हे भूत आम्ही बी.कॉम.वाले अजून वाहतो आहोत. पण त्याच पुस्तकात बुवांनी जुगाराचाही एक हिशेब घातला होता, हे आम्हांला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. नाहीतर हजेरी वाढली असती.

प्रश्न असा : डाव अर्धवट मोडला, तर पैसे कसे वाटायचे? बुवा म्हणाले, ज्याने जितके डाव जिंकले त्या प्रमाणात. १५५६ मध्ये तार्ताग्लियाने शंका काढली, की मग एकच डाव झाला असेल तर तो जिंकणारा सगळंच घेऊन जाणार की काय! बुवांची खतावणी तिथंच अडली.

पुढं १६५४ साली शेव्हालिए द मेरे या शौकीन फ्रेंच गृहस्थाने हा तंटा पास्कालकडे नेला. पास्कालने तुलूझच्या फर्माला पत्रं घातली. फर्मा पेशाने कोर्टातला, गणित आपलं फावल्या वेळचं. समजा, दोघांनी बत्तीस-बत्तीस मोहरा लावल्या, तीन डाव आधी जिंकेल त्याने चौसष्ट न्यायच्या, आणि डाव दोन-एकवर मोडला. पास्काल म्हणतो, पुढचा डाव हरला तरी पुढे असलेल्याच्या बत्तीस कुठं जात नाहीत, कारण दोन-दोन बरोबरी होते. उरलेल्या बत्तिसांवर दोघांचा सारखाच हक्क. म्हणजे त्याला अठ्ठेचाळीस, दुसऱ्याला सोळा. झाल्या डावांकडं बघायचंच नाही, होऊ शकणाऱ्या डावांकडं बघायचं! मागच्या नोंदींवर जगणाऱ्या आमच्या जमातीला हे जरा जडच जातं.

आजचे पोकरवाले यालाच इक्विटी म्हणतात. (आम्ही भागभांडवल म्हणतो, बुडायची सोय दोन्हींत आहे.) टेक्सास होल्डेममध्ये हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची पाच. तुमच्याकडं दोन राण्या. समोरच्याची पानं दिसत नाहीत, म्हणून एकच हात धरून बसायचं नाही. त्याच्या स्वभावाला शोभतील ते सगळे हात धरायचे. ही त्याची रेंज. समजा तो जपून खेळणारा : दोन एक्के, दोन बादशहा, नाहीतर एक्का-बादशहा. चार एक्क्यांच्या जोड्या सहा, बादशहांच्या सहा, एक्का-बादशहाच्या मात्र सोळा. मोठ्या जोडीपुढं राण्या पाचांत एकदाही धड जिंकत नाहीत, पण एक्का-बादशहापुढं निम्म्याहून थोड्या अधिक वेळा जिंकतात. अठ्ठाविसांची सरासरी सुमारे चाळीस टक्के.

आता मध्ये दोनशे रुपये आहेत, त्याने आपले शेवटचे शंभर लावले. तुम्ही शंभर टाकलेत तर ढीग चारशेचा, तुमचा वाटा एकशेसाठ. म्हणजे बहुतेक वेळा हरूनही दर डावाला सरासरी साठ रुपये शिल्लक. अड्डेवाल्याचा वाटा त्यातून वजा.

गौरीगणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळणाऱ्या आमच्या आळीतल्या मंडळींना मी हे समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन एक काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे, पण तू पानं टाकतोस की चाल देतोस?"