तुंबाड (चित्रपट)

तुंबाड हा इ.स. २०१८ साली प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील अद्भुतरम्य भयपट आहे. राही अनिल बर्वे हे त्याचे दिग्दर्शक, आदेश प्रसाद सहदिग्दर्शक आणि आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक होत. निर्माते सोहम शाह यांनीच विनायक ही प्रमुख भूमिका केली आहे. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी त्याची पार्श्वभूमी आणि कथाबीज मराठी आहे.

कथानक
कथा १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन कालखंडांत घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर याला सोने व धान्य या दोहोंचा लोभ सुटतो. सोने मिळवून तो धान्याकडे वळताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. त्याची कधीही पूजा होणार नाही, या अटीवर देवी त्याला वाचवते. तुंबाडच्या वाड्यातील गुप्त स्थळी कणकेची बाहुली दाखवून भुकेल्या हस्तराला गुंतवायचे आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा पळवायच्या, ही युक्ती विनायकाला साधते. पुढे हाच लोभ त्याच्या पांडुरंग या मुलात उतरतो. हस्तर हे पुराणांतील दैवत नसून चित्रपटासाठी कल्पिलेले पात्र आहे.

साहित्यिक पार्श्वभूमी
चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून घेतले आहे. मात्र चित्रपट त्या कादंबरीवर आधारलेला नाही. कोकणातील खोत घराण्याच्या त्या कथेशी त्याच्या कथानकाचा संबंध नाही. कथेची प्रेरणा भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याकडून आली. नागझिरा अभयारण्यात १९९३ साली एका मित्राने बर्वे यांना धारपांची एक कथा ऐकवली होती. धारपांच्या 'आजी' या कथेचे मूळ अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या 'ग्रामा' या कथेत सापडते. धारपांच्या निधनानंतर दहा वर्षांनी हा चित्रपट पडद्यावर आला.

निर्मिती
'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमिदाबाईची कोठी' यांचे लेखक अनिल बर्वे यांचे राही हे पुत्र. त्यांनी १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. २००९-१० मध्ये त्यांनी सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रीकरणापूर्वी प्रत्येक दृश्य क्रमाने रेखाटून केलेली मांडणी होय. चित्रकादंबरीप्रमाणे त्यातही कथा चित्रचौकटींतून उलगडते. फरक इतकाच, की ती वाचकांसाठी नसून छायाचित्रकार, कलादिग्दर्शक आदी सहकाऱ्यांसाठी असते.

अनेक निर्मितीसंस्थांनी माघार घेतल्यानंतर २०१२ मध्ये चित्रीकरण झाले. संकलनानंतर परिणाम समाधानकारक न वाटल्याने पटकथा पुन्हा लिहून पुनर्चित्रीकरण करण्यात आले. ते मे २०१५ मध्ये संपले. वाड्यातील दृश्यांसाठी सासवड येथील पुरंदरे वाड्याचा उपयोग करण्यात आला.

कलाकार व तंत्रज्ञ
लेखन मितेश शाह, आदेश प्रसाद, राही बर्वे आणि आनंद गांधी यांचे आहे. छायाचित्रण पंकज कुमार यांचे, तर संकलन संयुक्ता काझा यांचे आहे. पार्श्वसंगीत डेन्मार्कचे येस्पर किड यांनी दिले असून शीर्षकगीताचे संगीत अजय-अतुल यांचे आहे. विनायकाच्या आईची भूमिका ज्योती माळशे यांनी, पत्नीची मूळच्या नाशिकच्या अनिता दाते यांनी आणि पांडुरंगाची मोहम्मद समद यांनी केली.

प्रदर्शन व पुरस्कार
७५व्या व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेल्यानंतर चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी भारतात प्रदर्शित झाला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुनःप्रदर्शित झाला आणि त्या वेळी त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले.