भास्कराचार्यांची वीट आणि १३,८२४ चे गणित

१/८
भिंत हातांनी मोजली जाते, वीट मात्र अंगुळांनी. मग भिंतीला विटा किती लागतील? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त हा प्रश्न उदाहरण म्हणून घातला आहे. घनफळ काढताना एकके कशी बदलावीत, याचा तो नमुनेदार पाठ आहे. (धागा)

२/८
ग्रंथाच्या आरंभीच मापांची परिभाषा येते. ८ यव आडवे ठेवले की १ अंगुळ, २४ अंगुळांचा १ हात, ४ हातांचा १ दंड. लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी १ हात असलेल्या घनास ‘घनहस्त’ अशी संज्ञा आहे.

३/८
आता उदाहरण. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद आणि ३ जाड. विटांची रचाई ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. रचाईचे घनफळ १२० घनहस्त. विटेचे ६४८ घन अंगुळे. दोन्ही एकाच एककात आणल्याविना भागाकार करता येत नाही.

४/८
हातात २४ अंगुळे, म्हणून ६४८ ला २४ ने भागावे, असा मोह होतो. तसे केल्यास एक वीट २७ घनहस्तांची ठरते आणि सारी रचाई पाच विटांतच संपते! लांबी, रुंदी, जाडी या तिन्ही दिशांना २४ चा संबंध लागू होतो. म्हणून १ घनहस्त = २४ × २४ × २४ = १३,८२४ घन अंगुळे.

५/८
६४८ ÷ १३,८२४ = ३/६४ घनहस्त. १२० ला ३/६४ ने भागले की २,५६० विटा. उंची ७२ अंगुळे, वीट ३ अंगुळे जाड. म्हणजे २४ थर.

६/८
याच ग्रंथातील लाकूड कापण्याच्या गणितात मात्र भाजक ५७६ आहे. करवत चालते ती पृष्ठभागावर. तेथे दोनच मिती, म्हणून २४ × २४. या कामांचे मोल कारागिरांशी ठरवून, वस्तूच्या मऊ-कठीणपणानुसार द्यावे, असेही आचार्य सांगतात. भाजक चुकला तर ज्या मापावर मजुरी ठरायची, ते मापच खोटे.

७/८
धान्याकरिता आचार्यांनी आणखी एक दुवा जोडला : १ घनहस्त = १ मागध खारी. १ खारी = १६ द्रोण; द्रोणाचे ४ आढक, आढकाचे ४ प्रस्थ, प्रस्थाचे ४ कुडव. जाड्या धान्याच्या राशीचा परीघ ६० हात, तर उंची त्याचा दहावा भाग, ६ हात. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग गुणिले उंची : १० × १० × ६ = ६०० घनहस्त, अर्थात ६०० खारी. परीघ व्यासाच्या तिप्पट धरल्याने हे मान स्थूल आहे. पण एका दोरीच्या बळावर साऱ्या खळ्याचा अंदाज बांधता येतो.

८/८
भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात आहे. हात-अंगुळे आज मागे पडली, नियम टिकून आहे : १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, परंतु १ घनमीटर म्हणजे १०,००,००० घन सेंटिमीटर.