खांद्यास खांदा आणि समोरासमोर

सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याने १९२८ च्या फेब्रुवारीत शेतसाऱ्यातील २२ टक्के वाढ नाकारली आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सरकारशी सहा महिने झुंज दिली, हे आपण वर्गात शिकवितो. त्या झुंजीतील स्त्रियांचा वाटा मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. मिठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई, मणिबेन पटेल या गावोगाव हिंडत होत्या; कित्येक सभांत बायकांची संख्या पुरुषांहून अधिक भरे; आणि जप्तीचा अंमलदार आला म्हणजे गुराढोरांसह घराची दारे लावून आत बसून राहणे याचा खरा भार घरधनिणीवरच पडे. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव बारडोलीच्या स्त्रियांनीच दिले, असे परंपरा सांगते.

स्त्रीपुरुषांनी क्रीडांगणावर एकमेकांशी स्पर्धा करावी की नाही, हा प्रश्न निघाला की अशा उदाहरणांकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. लढ्यात जी पुरुषाच्या खांद्यास खांदा लावून उभी राहिली, तिला खेळात वेगळे का बसवावे? हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. बारडोलीत स्त्री पुरुषाच्या बाजूला उभी होती. स्पर्धेत तिला त्याच्या समोर उभे राहावयाचे असते. बाजूला उभी राहिलेली स्त्री आपल्या समाजाने कौतुकाने स्वीकारली. समोर उभी राहिलेल्या स्त्रीचे काय झाले, ते पाहिल्यावाचून या वादाला हात घालू नये.

खेळातही बाजूची जागा तिला फार कष्टाने मिळाली असे नाही. टेनिसमधील मिश्र दुहेरीचा सामना विम्बल्डनला १९१३ पासून रीतसर खेळला जातो. पंडिता क्षमा राव यांना आपण संस्कृत कवयित्री म्हणून ओळखतो. गांधीजींच्या चळवळीवरील त्यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसला प्रसिद्ध झाली. शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या टेनिसपटू म्हणूनही नावाजलेली होती, आणि त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. अनुष्टुभ आणि रॅकेट एकाच घरात सुखाने नांदले, याचे कोणास वैषम्य वाटले नाही. मिश्र दुहेरीत स्त्रीच्या जोडीला एक पुरुष असतोच. जय झाला तर तो दोघांचा, आणि पराभवही पुरुषाला एकट्या स्त्रीकडून पत्करावा लागत नाही.

समोरासमोरचा प्रसंग आला तो बडोद्यास. गायकवाडांच्या या तालमींच्या शहरात १९५४ च्या मे महिन्यात हमीदा बानू या स्त्री मल्लाने बाबा पहिलवानास १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. जो आपल्याला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे तिने त्या आधी जाहीर केले होते. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या छोटे गामा या मल्लाने स्त्रीशी कुस्ती करणार नाही असे सांगून अंग काढून घेतले. बडोदे आणि बारडोली ही दोन्ही तेव्हा मुंबई राज्यातच होती. त्या राज्यात हमीदाच्या कुस्तीला मनाई झाली तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मनाई ती स्त्री आहे म्हणून केलेली नसून तिच्यापुढे लुटुपुटीचे मल्ल उभे केले जातात अशा तक्रारींमुळे केली आहे, असे उत्तर तिला मिळाले. तक्रारींत तथ्य असो वा नसो, लग्नाच्या पैजेने आखाड्याचा तमाशा केला हे खरे. म्हणून या कुस्त्यांवरून स्त्रीच्या शक्तीविषयी कोणताही निष्कर्ष काढण्यास आम्ही तयार नाही. निष्कर्ष निघतो तो प्रेक्षकांच्या आणि संघटनांच्या मनाविषयी.

मराठी माणसाला अधिक जवळचे, आणि आमच्या मते अधिक निर्णायक, असे प्रकरण बुद्धिबळाचे आहे. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. पुढे त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर यांनी तो चालविला. नीळकंठरावांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली पटावर बसल्या. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगलोरला झाली, ती वासंतीने जिंकली. धाकटी रोहिणी १९७६ साली अवघ्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गुजरात, महाराष्ट्र व पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांना तिने हरविले. तिच्या सहभागावरून गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे तिचे म्हणणे मान्य झाले. आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, एकेकाळचे जगज्जेते माक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेपासून स्त्रियांना रोखता येणार नाही. पटावर घोडा उचलण्यास बाहुबळ लागत नाही. तरीही तेथे दार लावले जात होते, यावरून दार लावण्याचे कारण सर्वस्वी शरीरात नसते, हे उघड होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्रीपुरुषांना खुली होती. चीनच्या चांग शान हिने २२५ पैकी २२३ लक्ष्ये टिपून सुवर्णपदक मिळविले. पुढच्या, १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीटची स्पर्धा पुरुषांपुरतीच ठेवण्यात आली. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धाही तेव्हा नव्हती. ती २००० साली आली. विजेतीला आपले पदक राखण्यासाठी मैदानात उतरण्याचीही सोय राहिली नाही. घोडेस्वारीत मात्र दोघे आजही एकाच यादीत धावतात, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही.

आमचे म्हणणे सर्व खेळ सरसकट एकत्र करावेत असे मुळीच नाही. वयात आल्यानंतर धावणे, उडी, फेक यांत पुरुषाच्या देहाला मिळणारी आघाडी खरी आहे. अव्वल दर्जाच्या धावपटूंत ती सुमारे दहा टक्के असते. ती दुर्लक्षून सर्वांना एकाच रेषेवर उभे केले, तर अंतिम फेरीत एकही स्त्री उरणार नाही, आणि समतेच्या नावाखाली तिला मैदानाबाहेर घालविल्यासारखे होईल. तेथे स्त्रियांची वेगळी स्पर्धा हीच तिची हक्काची जागा. परंतु त्या वेगळ्या जागेचे कुंपण दुसऱ्या बाजूने कोणी उभारू नये. दुर्बलाला राखलेले अंगण आणि सबलाने बंद केलेला वाडा यांत फरक आहे. पहिले असताना दुसऱ्याचे दार उघडे राहू शकते. शाळेतील लहान मुलामुलींच्या बाबतीत तर, शरीरातील अंतर पडण्यापूर्वीच आपण त्यांना वेगळ्या रांगांत उभे करतो, त्याला सवयीवाचून दुसरे कारण आम्हांस सापडत नाही.

अंगण राखल्याने वाड्याचा मार्ग अडत नाही, याचे ताजे उदाहरण नागपूरचे आहे. दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून जिंकला. त्या विजयाबरोबर नियमाप्रमाणे तिला ‘ग्रँडमास्टर’ हा किताब मिळाला. स्त्रियांसाठी वेगळा असा दुय्यम किताबही आहे. दिव्याला मिळाला तो पुरुषांना मिळतो तोच.