अकरावीचा फॉर्म आणि दीडशे वर्षांची वाट

सालेकसा हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. इथल्या मुलांची उच्चशिक्षणाची वाट बहुधा याच रुळांवरून जाते. आधी गोंदिया, मग नागपूर. पण या वाटेवरचा खरा फाटा त्याआधीच येतो. दहावीचा निकाल लागतो आणि अकरावीच्या फॉर्मवर विषय भरावे लागतात. हा प्रश्न नवा नाही.

१८५७ साली कलकत्ता विद्यापीठ स्थापन झालं. एंट्रन्स, मग दोन वर्षांनी एफ.ए. आणि त्यानंतर बी.ए., अशी त्याची पायरी होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) सुरुवातीला याच विद्यापीठाला जोडलेली होती. एफ.ए.ला इंग्रजीसोबत संस्कृत, फारसी, अरबी यांसारखी एक अभिजात भाषा घ्यावी लागे. पुढे १९०४च्या कायद्यानंतर इथली कॉलेजं अलाहाबादकडे गेली आणि १९२३मध्ये नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. एफ.ए.चं 'इंटर' झालं, पण ती दोन वर्षं कॉलेजातच राहिली. विषय निवडताना अडलं तर बी.ए.ला शिकवणारा प्राध्यापक त्याच आवारात भेटत असे.

कोठारी आयोगानं (१९६४-६६) १०+२+३ची शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५पासून ज्युनिअर कॉलेजं सुरू झाली आणि ही दोन वर्षं विद्यापीठातून निघून बोर्डाकडे आली. याचा मोठा फायदा झाला. तालुक्याच्या हायस्कूललाच अकरावी-बारावी जोडली गेली आणि मुलींना घराजवळ शिकता आलं. पण निवड गावात आणि तिचा परिणाम शहरात, असं अंतरही पडलं. पदवीचे नियम माहीत असलेला माणूस शेजारी उरला नाही.

आणि नियम कडक आहेत. विज्ञानाचा विद्यार्थी पुढे कला किंवा वाणिज्य शाखेत जाऊ शकतो. कला शाखेतून बी.एस्सी.कडे सहसा जाता येत नाही. गणित सोडलं की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा बंद. जीवशास्त्र सोडलेल्यांना तो विषय नंतर देऊन 'नीट'ला बसण्याची सवलत मिळाली, तीही २०२३मध्ये. आता श्रेयांक बँकेमुळे पदवीचे श्रेयांक एका कॉलेजातून दुसरीकडे नेता येतात. पण बारावीला न घेतलेला विषय कोणतीही बँक जमा करून देत नाही.

सच्चर समितीनं २००६मध्ये नोंदवलं की, वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी आहेत. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे सात टक्के होतं. याची कारणं अनेक आहेत आणि गरिबी त्यांत मोठी आहे. पण ज्या घरात आधी कुणी पदवीधर नाही, तिथं फॉर्म भरताना विचारायचं कुणाला? सालेकशातल्या गोंड घरांचाही प्रश्न हाच आहे.

आपण जलसे भरवतो, गुणवंतांचे सत्कार करतो. सत्कार निकालानंतर होतो. सल्ला मात्र फॉर्म भरण्याआधी लागतो. मोहल्ल्यातल्या चार पदवीधरांनी जूनमधली एक दुपार मुलांसोबत काढली, तरी कॉलेजच्या आवारातला तो हरवलेला प्राध्यापक काही अंशी परत मिळेल.